२६ जुलै २००५: 'मुंबईच्या पुरात' बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरचं काय झालं होतं?

दरवर्षी जुलैचा शेवटचा आठवडा आला की मोबाइलवर तेच फोटो फिरू लागतात. छातीभर पाण्यातून चालणारे ऑफिसकर्मचारी, पाण्यात बुडालेल्या बेस्टच्या बस, कुर्ला आणि कलिना. खाली ओळ असते, '२६ जुलै, मुंबई कधीच विसरणार नाही.'

पण त्या दिवशी पाणी फक्त मुंबईत आलं नव्हतं. कल्याणच्या पुढे उल्हास आणि वालधुनी या दोन नद्यांनी बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या सखल वस्त्यांमध्ये घरांचे तळमजले गिळले होते. त्या पुराचे फोटो क्वचितच दिसतात. आणि या शहरांमध्ये आज राहणाऱ्या अनेकांना तो पूर ठाऊकच नाही, कारण ते तेव्हा इथं राहत नव्हते.

हा विसर का महाग पडू शकतो, ते समजून घेऊ.

थोडक्यात

- २६ जुलै २००५ चा प्रसंग चक्रीवादळाचा नव्हता. ती अत्यंत कमी वेळात, ठरावीक पट्ट्यात झालेली अतिवृष्टी होती.
- बदलापूरला उल्हास नदीचा पूर येतो, तो मुख्यतः कर्जत, नेरळ, माथेरान या वरच्या भागातल्या पावसामुळे. उल्हासनगर आणि अंबरनाथला वालधुनीचाही धोका आहे.
- २०१९, २०२१ आणि २०२३ मध्येही उल्हास नदीचं पाणी बदलापूरच्या वस्त्यांपर्यंत आलं.
- घर घेताना 'निळी रेषा' आणि 'लाल रेषा' कुठून जाते हे विचारणं, हा पुराच्या आठवणीचा सगळ्यात उपयोगी भाग आहे.

त्या दिवशी नेमकं काय झालं?

२६ जुलै २००५, मंगळवार. सकाळ नेहमीच्या पावसाळी दिवसासारखीच होती. लोक लोकल पकडून कामावर गेले. दुपारनंतर पाऊस वाढला आणि थांबेचना.

२७ जुलैच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुणे शहरात अख्ख्या वर्षात साधारण याहून कमी पाऊस पडतो. हवामान विभाग २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर त्याला 'अत्यंत मुसळधार' म्हणतो. सांताक्रूझचा आकडा त्याच्या साडेचार पटींहून जास्त होता.

पण त्याच २४ तासांत, तिथून जेमतेम २०-२५ किलोमीटरवर असलेल्या कुलाब्यात पाऊस झाला फक्त ७३ मिलिमीटर. म्हणजे दक्षिण मुंबईतल्या माणसाला उपनगरात आणि त्यापुढे काय चाललंय याचा अंदाज येणं अवघड होतं.

राज्यभरात त्या काही दिवसांत एक हजाराहून अधिक लोकांचा जीव गेला. रायगडमध्ये महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. मध्य रेल्वेची वाहतूक कोलमडली. कल्याणपुढे राहणारे आणि मुंबईत कामाला गेलेले असंख्य लोक घरी पोहोचू शकले नाहीत. वीज गेली, फोन लागेनात. घरी पाणी किती आलंय हे ऑफिसात अडकलेल्याला कळत नव्हतं, आणि तो कुठे आहे हे घरच्यांना कळत नव्हतं.

तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, ते २००९ मध्ये आलं. कॅमेऱ्याचे मोबाइल मोजक्या लोकांकडे होते. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे मुंबईत होते आणि तेही पाण्यात अडकले होते. बदलापूरच्या पुराचे फोटो आज सहज सापडत नाहीत, यामागे हेही एक कारण आहे.

हे चक्रीवादळ होतं का?

नाही. सोशल मीडियावर अनेकदा तसं लिहिलं जातं, म्हणून फरक स्पष्ट करू.

चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, अनेक दिवस प्रवास करतं, आणि उपग्रहावरून दिसतं. अटलांटिकमध्ये त्यालाच 'हरिकेन' म्हणतात आणि पश्चिम प्रशांत महासागरात 'टायफून'. उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांना नावं द्यायला २००४ मध्ये सुरुवात झाली. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा त्याचं नाव, त्याचा मार्ग आणि धडकण्याची अंदाजे वेळ लोकांना आधी माहीत होती. किनाऱ्यावरच्या गावांमधून हजारो लोकांना आधीच हलवता आलं. श्रीवर्धन, दिवेआगर भागात नारळी-पोफळीच्या बागा आणि घरांची छपरं गेली, पण बहुतेकांचे जीव वाचले.

२६ जुलैला असं काही झालं नाही. मान्सूनचा जोर होता, बंगालच्या उपसागरात तयार झालेल्या कमी दाबाच्या क्षेत्राची त्याला साथ होती, किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा होता आणि त्यात छोट्या क्षेत्रावर ढगांची प्रचंड उभी वाढ झाली. इतक्या लहान क्षेत्रात काही तासांत घडणारी गोष्ट आधी ओळखणं आजही कठीण आहे. २००५ मध्ये तर मुंबईत डॉपलर रडारही नव्हतं.

त्यामुळे या आपत्तीला नाव मिळालं नाही. तिची फक्त तारीख उरली.

पाणी आलं कुठून?

या तिन्ही शहरांचा पूर समजायचा तर दोन नद्या समजून घ्याव्या लागतात.

*उल्हास:* ही नदी खंडाळा-राजमाची परिसरातल्या सह्याद्रीच्या डोंगरांत उगम पावते. कर्जत, नेरळ, वांगणी करत ती बदलापूरला येते. पुढे जांभूळ, रायते, कांबा, म्हारळ असं करत ती उल्हासनगरच्या कडेनं शहाड-मोहनेकडे आणि कल्याणच्या खाडीकडे जाते. वाटेत तिला पेज, पोशीर, बारवी अशा नद्या मिळतात, आणि कल्याणजवळ काळू आणि भातसा.

नकाशा उघडून पाहिलंत तर एक गोष्ट लगेच दिसेल. बदलापूरच्या वरच्या अंगाला एका बाजूला सह्याद्रीची मुख्य भिंत आहे आणि दुसऱ्या बाजूला माथेरानचा डोंगर. दोन्हीकडचं पाणी याच खोऱ्यात उतरतं. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते होतं १० कोटी लिटर पाणी. हे खोरं शेकडो चौरस किलोमीटरचं आहे.

म्हणूनच बदलापुरात पाऊस थांबला तरी नदी चढत राहू शकते. कर्जतला रात्री पडलेला पाऊस बदलापूरला काही तासांनी पोहोचतो. बदलापूर पश्चिमेकडचे हेंद्रेपाडा, रमेशवाडी, मांजर्ली, वालिवली, सोनिवली असे भाग नदीकडे उतरतात. तिथं पाणी सगळ्यात आधी येतं.

*वालधुनी:* ही नदी लहान, पण शहरांना जास्त चिकटलेली. अंबरनाथजवळच्या काकोळे परिसरातल्या डोंगरातून ती निघते. अंबरनाथचं प्रसिद्ध शिवमंदिर, जे शिलाहारांच्या काळात, म्हणजे अकराव्या शतकात बांधलं गेलं, तिच्याच काठावर आहे. पुढे ती उल्हासनगरच्या दाट वस्तीतून कल्याणला जाते आणि खाडीला मिळते.

एरवी हिला 'नाला' म्हणणारेच जास्त. कारखान्यांचं सांडपाणी आणि शहराचा कचरा यांमुळे ती तशी दिसतेही. पण तिचं मूळ काम डोंगरातलं पाणी खाडीपर्यंत नेणं हेच आहे. काठावर बांधकामं झाली आणि पात्र आवळलं, तर ते पाणी घराघरांत शिरून वाट काढतं. २६ जुलैला उल्हासनगर आणि कल्याणमध्ये हेच झालं.

भरतीचा भागही लक्षात घ्यायला हवा. त्या दुपारी मुंबईच्या समुद्राला सुमारे साडेचार मीटरची भरती होती. भरतीचं पाणी खाडीतून कल्याणपर्यंत येतं. बदलापूरपर्यंत ते पोहोचत नाही, पण वालधुनीचं तोंड खाडीकडेच असल्यामुळे भरतीच्या वेळी तिचं पाणी तुंबतं.

'बारवीचे दरवाजे उघडले' हा मेसेज खरा असतो का?

दर पावसाळ्यात फिरणारा हा मेसेज. त्याचा परिणाम असा होतो की लोक चुकीच्या दिशेनं पाहत राहतात.

बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचं. ठाणे जिल्ह्यातल्या अनेक शहरांना आणि कारखान्यांना त्याचं पाणी मिळतं. धरणाची उंची वाढवल्यावर त्याची पूर्ण पातळी ७२.६० मीटर झाली. दरवाजे स्वयंचलित आहेत, म्हणजे पाणी त्या पातळीच्या वर गेलं की ते आपोआप उघडतात. कुणी रात्री अचानक 'सोडून देतं' असं नाही.

महत्त्वाचा मुद्दा पुढचा. बारवी नदी उल्हासला मिळते ती बदलापूर शहराच्या खालच्या बाजूला, जांभूळच्या दिशेनं. त्यामुळे बारवीच्या विसर्गाचा थेट धोका बारवी काठच्या गावांना आणि जांभूळ, रायते, कांबा या खालच्या पट्ट्याला असतो. बदलापूर शहरात जे पाणी शिरतं, ते मुख्यतः वरून, कर्जत-नेरळकडून येतं. आणि तिकडे उल्हासचा पूर अडवून धरेल असं मोठं धरण नाही.

म्हणून बदलापूरमध्ये राहणाऱ्यानं पावसाच्या रात्री पहिला प्रश्न विचारावा तो बारवीचा नाही, 'कर्जत-माथेरानला किती पाऊस झाला?' हा.

१४ वर्षांनी, त्याच रात्री

२६ जुलै २०१९ च्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस मुंबईहून कोल्हापूरला निघाली. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये चामटोलीजवळ रुळांवर पाणी आलं आणि गाडी उभी राहिली. सकाळ झाली तेव्हा गाडीच्या दोन्ही बाजूंना पाणीच पाणी होतं. आत सुमारे १,०५० प्रवासी होते. त्यात नऊ गर्भवती होत्या.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, हवाई दल, रेल्वे, पोलीस आणि जिल्हा प्रशासन, सगळे तिथं पोहोचले. स्थानिक गावकरीही मदतीला उतरले. २७ जुलैच्या दुपारपर्यंत बोटींमधून सगळ्या प्रवाशांना बाहेर काढण्यात आलं आणि पुढे त्यांना विशेष गाडीनं कोल्हापूरला पाठवलं गेलं. एकही जीव गेला नाही.

त्याच दिवशी बदलापूरमध्ये आणि कांबा-म्हारळच्या पट्ट्यातही पाणी शिरलं होतं. देशभर बातमी मात्र गाडीची झाली. ते साहजिकही आहे. पण गाडीतले प्रवासी दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले, पूर आलेल्या वस्त्यांना मात्र चिखल उपसत बसावं लागलं.

२००५ आणि २०१९ मधला एक फरक नोंदवायला हवा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल २००५ मध्ये नव्हतंच. त्सुनामी आणि मुंबईच्या पुरानंतर, डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि २००६ मध्ये हे दल उभं राहिलं. २००५ ची आठवण सरकारी पातळीवर कायद्यात उतरली, ती अशी.

ज्यांनी पूर पाहिलाच नाही

आता मुख्य मुद्दा. आठवण कुणाची?

२००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे १ लाख ७४ हजार झाली. म्हणजे पुराच्या आधी आणि नंतरच्या दहा वर्षांत शहर पाऊणपट वाढलं. त्याच काळात अंबरनाथ सुमारे २ लाख ४ हजारांवरून २ लाख ५३ हजारांवर गेलं आणि उल्हासनगर सुमारे ४ लाख ७४ हजारांवरून ५ लाख ६ हजारांवर. २०११ नंतर बदलापूर किती फुगलं, हे सकाळची लोकल पकडणाऱ्याला आकड्याशिवाय कळतं.

ही माणसं आली ती परवडणाऱ्या घरासाठी. मुंबई-ठाण्यात जे बजेटमध्ये बसत नव्हतं ते इथं बसलं. जाहिरातीत नदी असते, डोंगर असतो, स्टेशनपासूनची मिनिटं असतात. २००५ मध्ये त्या जागेवर पाणी किती चढलं होतं, हे जाहिरातीत नसतं. उन्हाळ्यात जागा पाहायला गेलं की नदी लांब आणि शांत दिसते.

जुन्या बदलापूरकरांना, काठावरच्या आगरी आणि आदिवासी पाड्यांना पाणी कुठवर येतं हे माहीत असतं. पण नव्या सोसायटीतल्या माणसाची त्यांच्याशी ओळखच नसते. आठवण गावात असते, गृहकर्ज सोसायटीत असतं, आणि दोघांची भेट होते ती थेट पुराच्या दिवशी.

निळी रेषा, लाल रेषा म्हणजे काय?

ही आठवण कागदावर आणण्याची एक सरकारी पद्धत आहे. जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही काठांना पूररेषा आखतो.

- *निळी रेषा:* सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल असा पूर जिथवर पोहोचेल ती हद्द. नदी आणि या रेषेमधल्या पट्ट्यात बांधकामाला मनाई असते.
- *लाल रेषा:* सरासरी १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा मोठ्या पुराची हद्द. निळ्या आणि लाल रेषेमध्ये बांधकामावर निर्बंध असतात.

'१०० वर्षांतून एकदा' याचा अर्थ '२००५ मध्ये आला, आता थेट २१०५ मध्ये' असा नाही. अर्थ असा की दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता १ टक्का. २५ वर्षांच्या पुराची शक्यता दरवर्षी ४ टक्के.

हे आकडे लहान वाटतात. पण २० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात हिशेब केला तर १०० वर्षांचा पूर निदान एकदा येण्याची शक्यता होते सुमारे १८ टक्के. आणि २५ वर्षांच्या पुराची सुमारे ५६ टक्के. म्हणजे हप्ते फिटायच्या आत तो निदान एकदा येण्याची शक्यता, न येण्यापेक्षा जास्त.

इतर गावं आठवण कशी जपतात?

सांगलीत पावसाळ्यात चहाच्या टपरीवरही एकच प्रश्न असतो, 'आयर्विनला किती फूट?' कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे तिथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतं. कोल्हापुरात पंचगंगेसाठी राजाराम बंधाऱ्याचे ३९ आणि ४३ फूट तसेच पाठ असतात. २०१९ मध्ये सांगलीत पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा तो आकडा ऐकूनच लोकांना संकटाचा आकार कळला.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला कतरिना हरिकेननं २००५ मध्येच, २६ जुलैनंतर महिनाभरानं, २९ ऑगस्टला गाठलं. शोधपथकांनी प्रत्येक घर तपासून भिंतीवर रंगानं फुलीसारखी खूण केली होती. पुढे अनेकांनी घर दुरुस्त केलं, पण ती खूण मुद्दाम तशीच ठेवली. जपानमधल्या आनेयोशी गावात जुन्या त्सुनामीनंतर एक दगड उभारला होता, 'याच्या खाली घर बांधू नका' असं सांगणारा. गावानं ते ऐकलं. २०११ ची त्सुनामी त्या दगडाच्या खालीच थांबली.

बदलापूरकडेही असे आकडे आहेत. उल्हास नदीची इथली इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर. ही पाण्याची खोली नाही, मोजपट्टीवरची ठरलेली उंची आहे. सांगलीकरांना जसे फूट पाठ आहेत, तसे हे दोन आकडे बदलापूरकरांना पाठ हवेत.

तुम्ही काय करू शकता?

- *घर घेण्याआधी:* नगरपालिकेच्या नगररचना विभागात किंवा जलसंपदा विभागाकडे त्या सर्व्हे नंबरची पूररेषेची माहिती विचारा. तोंडी उत्तर मिळालं नाही तर १० रुपयांच्या शुल्कात माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो.
- *शेजारी विचारा:* जवळच्या जुन्या दुकानदाराला, रिक्षावाल्या काकांना, पाड्यातल्या आजींना विचारा, '२००५ ला इथं पाणी कुठवर होतं? २०१९ ला?' दोन-तीन जणांनी एकच खूण दाखवली तर ती खरी धरा.
- *सोसायटीत:* पाणी आलेल्या वर्षांची आणि उंचीची खूण जिन्यातल्या भिंतीवर रंगवा. नव्या भाडेकरूला वेगळं सांगायची गरज राहणार नाही. मीटरचे बॉक्स आणि पाण्याच्या टाकीचा पंप त्या खुणेच्या वर घेता येतो का ते पाहा.
- *पावसाच्या रात्री:* कर्जत-माथेरानचा पाऊस, नदीची पातळी आणि भरतीची वेळ, या तीन गोष्टी पाहा. तारीख आणि वेळ नसलेला मेसेज पुढे पाठवू नका.
- *मदतीसाठी:* आणीबाणीत ११२, आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ॲप इशारे देतं.
- *घरात जुने फोटो असतील तर:* २००५ च्या पुराचे छापील फोटो अनेक कपाटांत पडून असतील. मागे जागा, तारीख आणि वेळ लिहा, मोबाइलवर स्कॅन करा, मगच शेअर करा. ओळीशिवायचा फोटो पुढच्या वर्षी 'मुंबई' म्हणून फिरेल.

पुढच्या २६ जुलैला तुमच्या ग्रुपवर ते नेहमीचे फोटो येतील. तेव्हा फक्त एक प्रश्न टाकून पाहा, 'आपल्या गल्लीत तेव्हा पाणी कुठवर आलं होतं?' ग्रुपमधल्या कुणालाच उत्तर माहीत नसेल, तर ज्याला माहीत आहे असा माणूस पावसाळ्याआधी शोधा.